मदत हवी आहे: निकेल प्लेट ७६५ या वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलवरून पेर मार्क्वेट १२२५ चं मॉडेल

अमेरिकेतल्या व्हॅन स्वेरिंजन बंधूंनी त्यांच्या ताब्यातल्या रेल्वे कंपन्यांसाठी १९२९ मध्ये एकच यांत्रिक सल्लागार समिती नेमली. म्हणून निकेल प्लेट (१९३४) आणि पेर मार्क्वेट (१९३७) यांची २-८-४ (पुढे २, मध्ये ८ चालक, मागे ४ चाकं) बर्कशायर इंजिनं सख्खी भावंडं. चालक चाकं ६९ इंची, पिस्टनचा स्ट्रोक ३४ इंच, दोन्हीकडे तेच. पेर मार्क्वेटच्या सिलिंडरचा व्यास मात्र २५ ऐवजी २६ इंच. १:८७ मापाच्या मॉडेलमध्ये हा फरक जेमतेम ०.३ मिमी, तो खुशाल सोडावा. मॉडेलची २०.१ मिमीची चालक चाकंही चालतील.

अडतंय ते बाहेरच्या जोडणीवर. ७६५ च्या मॉडेलचं १२२५ (१९४१) करताना हवेचे पंप, वाळूचा घुमट (रुळांवर सोडायच्या वाळूची टाकी) आणि पाइपांची मांडणी नेमकी कुठे बदलायची? चेसापीक अँड ओहायो रेल्वेच्या के-४ या २-८-४ इंजिनाचे फोटो कृपया नकोत, त्याचा हेडलाइट खाली पुढच्या तुळईवर असतो. १२२५ च्या दोन्ही बाजूंचे मापांसह आराखडे कुणाकडे आहेत का?