प्रतिसाद : अपूर्णांकी संकलनातील चेबिशेव्ह असमानता

चेबिशेव्हची असमानता (दोन फलने एकत्र चढती किंवा एकत्र उतरती असतील, तर त्यांच्या गुणाकाराची सरासरी त्यांच्या सरासरींच्या गुणाकाराहून कमी नसते) अपूर्णांकी संकलनातही, म्हणजे अर्ध्यासारख्या अपूर्णांक कोटीच्या संकलनातही (integration), टिकते का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. कारण रीमान-ल्यूव्हिल संकलनात, म्हणजे अपूर्णांकी संकलनाच्या नेहमीच्या व्याख्येत, फलनाला ज्याने गुणतात तो (क्ष − ट) चा (अल्फा − १) हा घात (ट हे चल, अल्फा ही संकलनाची कोटी) शून्य ते क्ष या अंतरात धनच राहतो आणि मूळ सिद्धतेला तेवढे पुरते. फक्त दोन्ही फलने एकत्र चढती किंवा एकत्र उतरती हवीत.

दारव्ह्याच्या आमच्या वर्गात, वीज गेलेली असल्याने फळ्यावरच, दोन्ही फलने ट, संकलनाची कोटी (order) १/२ आणि क्ष = १ घेऊन पडताळले: गुणाकाराचे संकलन सुमारे ०.६०२ आले, तर संकलनांच्या गुणाकाराला गॅमा(३/२) ने (गॅमा फलनाच्या किमतीने, हा असमानतेतला सरासरीचा गुणक) गुणून ०.५०२, म्हणजे कमीच.

खंडशः संकलनात (गुणाकाराचे संकलन करताना एका फलनावरची क्रिया दुसऱ्यावर नेण्याच्या रीतीत) मात्र जपावे: डाव्या टोकापासूनचे संकलन दुसऱ्या फलनावर जाताना उजव्या टोकापासूनचे होते, आणि विद्यार्थी नेमके हेच विसरतात.