एमजीबी १९६४: चेसिस नंबरात ‘एल’ आहे, म्हणजे गाडी आधी कुठे होती?

लेस्टरचा सांगलीकर

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहायचे, माझी मुलं त्यांना आजोबाच म्हणायची. त्यांची लाल एमजीबी रोडस्टर होती, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स गाडी. गेल्या वर्षी ते गेले. आजींनी रास्त पैसे घेऊन गाडी मला दिली आणि सोबत एक निळी वही. १९८९ साली गाडी घेतल्यापासून केलेलं प्रत्येक काम त्यात तारखेनिशी आहे. २००६च्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालचे पत्र्याचे पोकळ पट्टे) बदलले, त्याची तर नऊ पानं: पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी नळी वेल्ड केली, पुढचे विंग उतरवले, दार लावून फट पुन्हापुन्हा मोजली आणि मगच टाके मारले.

पहिलं पान मात्र कोरं आहे. विकणाऱ्या व्यापाऱ्याने सांगितलं होतं, वूस्टरच्या एका बाईंनी नवी घेतलेली गाडी, दुसरा मालक नाही. त्या बाईंचा शोध घेऊन आजोबा ते पान लिहिणार होते, राहून गेलं. मी ते पुरं करायचं आजींना कबूल केलंय.

परवा बॉनेटखालची पाटी पुसली तर नंबर ‘जीएचएन३एल’ने सुरू होतो. गालिचा उचलला तर खाली फिका निळा रंग. स्टिअरिंग उजवीकडे आहे, पण डावीकडेही पेडलच्या जागी झाकणपट्टी. वूस्टरची गोष्ट खोटी का? आणि खोटी असेल तर आजींना कसं सांगू?

हातपाना

जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १४०० ते १९९९ सीसीचा गट, एन म्हणजे दोन सीटची उघडी गाडी (जीटी असती तर डी), ३ ही मालिका आणि एल म्हणजे लेफ्ट हॅन्ड, स्टिअरिंग डावीकडे. झाकणपट्टीवरून काही ठरवू नका, शेल (पत्र्याचा सांगाडा) दोन्ही बाजूंसाठी एकच बनायचं. स्टिअरिंग रॅक ज्यावर बसतो तो पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे आडवी तुळई, मात्र डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा. बाजू बदलताना तो बदलावाच लागतो. त्याच्या बोल्टांवर पाना फिरल्याच्या खुणा बघा.

लॉगबुक, म्हणजे नोंदणीचा कागद, नीट वाचा. नंबरप्लेट दुसऱ्या गाडीला लावता येणार नाही असा शेरा आहे का? पहिली नोंदणी आणि ब्रिटनमधली पहिली नोंदणी, या तारखा वेगळ्या आहेत का? बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला तिच्या वयाला साजेसा नंबर इथे आल्यावर मिळतो, आणि त्यावरच असा शेरा असतो. नंबरप्लेटवरचं १९६४चं ‘बी’ अक्षर बघून गाडी तेव्हापासून इंग्लंडातच होती असं मानू नका.

ऑक्सफर्डकर ताई

आजोबांच्या वहीतच पुरावा असेल. २००६ला कापलेले सिल कारखान्यातलेच होते का, आणि आतून कुठल्या रंगाचे, तेवढं शोधा. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, सगळा भार सिलवर, आणि इथल्या मिठाच्या रस्त्यांवर ते आतून कुजतात. मूळ सिल ४२ वर्षं टिकले असतील तर गाडीची बरीच वर्षं कोरड्या हवेत गेली असणार. एमजीबी सगळ्यात जास्त खपली अमेरिकेत, आणि तिथल्या कोरड्या भागातल्या कितीतरी गाड्या पुढे इकडे परत आल्या.

मग गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे हेरिटेज सर्टिफिकेटसाठी, म्हणजे गाडी कारखान्यातून कशी निघाली त्याच्या दाखल्यासाठी, अर्ज करा. एमजीबी जिथे बनायची त्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत. इंजिन आणि बॉडी, दोन्ही नंबर त्यावर येतात, ते गाडीवरच्या पाट्यांशी ताडून बघा.

आणि आजींना खरं ते सांगा. तुमचे आजोबा दाराची फट पुन्हापुन्हा मोजणारे होते. पहिल्या पानावर ऐकीव गोष्ट त्यांना चालली असती का?

लेस्टरचा सांगलीकर

वही पुन्हा वाचली. सहाव्या पानावर आहे: ‘कारखान्याचेच टाके. आतून फिका निळा, गालिच्याखाली आहे तसाच. वूस्टरच्या बाईंनी रंग बदलला असावा.’ लॉगबुकात तो शेरा आहे आणि ब्रिटनमधली पहिली नोंदणी १९८९ची. आजोबांनी व्यापाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, याचं फार वाईट वाटलं. अर्ज केलाय.

लेस्टरचा सांगलीकर

सर्टिफिकेट आलं. मे १९६४, आयरिस ब्लू, लेफ्ट हॅन्ड, रवानगी उत्तर अमेरिका. बॉडी नंबर जुळतो. इंजिन जुळत नाही: ब्लॉकवर १८जीबी आहे, म्हणजे पाच बेअरिंगचं, आणि ते ऑक्टोबर १९६४पासून बसायला लागलं. मधे कुणीतरी बदललंय. ते आता असंच राहू दे, चांगलं चालतंय.

रविवारी आजींकडे गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, “तो निळा बघता येईल?” मी गालिचा उचलला. दाराला धरून त्या वाकल्या आणि रंगावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, हे कळलं असतं तर ते त्याच दिवशी गाडी काढून गेडनला गेले असते.

गाडी पुन्हा निळी करायची का, हेही विचारलं. नको म्हणाल्या. लाल रंग आजोबांनी स्वतः मारलेला आहे, मलाही तो घालवायचा नव्हता.

पहिलं पान आजींनीच लिहिलं: अ‍ॅबिंग्डन, मे १९६४, निळी. त्याखाली अमेरिकेतल्या वर्षांसाठी अर्धं पान मोकळं सोडलं. तिथल्या एमजी क्लबांना मी आजच चेसिस नंबर कळवलाय.