रॉबी बाशोची जुनी कॅसेट सापडलीय, नेटवर टाकू का?

नगरचा_गिटारवाला

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांब होणार आहे पण वाचा प्लीज. माझा मामा अरणगावचा, म्हणजे मेहेराबाद, मेहेरबाबांचं समाधीस्थान, जिथे आहे तेच गाव. दरवर्षी ३१ जानेवारीला अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, तो सेवेला असायचा, पाणी वाटणं, मंडपात सतरंज्या घालणं असं सगळं. तिथे ८५-८६च्या सुमारास एका अमेरिकन बाबाप्रेमीने त्याला एक कॅसेट दिली. टीडीकेची नव्वद मिनिटांची, घरी कॉपी केलेली, एका बाजूला पेनाने 'झार्थस' आणि दुसरीकडे 'फाल्कनर्स आर्म' एवढंच, म्हणजे बाशोच्या दोन अल्बमची नावं, लिहिलेलं. मामाने एकदा लावली, सतारीसारखं काहीतरी आहे म्हणाला आणि ट्रंकेत ठेवून दिली. गेल्या महिन्यात माळा आवरताना माझ्या हाताला लागली.

मी दहा वर्षं फिंगरस्टाइल, म्हणजे बोटांनी तारा छेडून गिटार, वाजवतोय आणि रॉबी बाशो या अमेरिकन गिटारवादकाचं नाव मला माहीत नव्हतं याचं खरंच वाईट वाटलं. शोधत गेलो तर कळलं की बाल्टिमोरचा, जन्म १९४०, अनाथ, दत्तक गेलेला, जपानी कवी बाशोवरून नाव घेतलं, रविशंकरांची सतार ऐकून वेडा झाला, पुढे कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांकडे शिकला, आणि मेहेरबाबांचा भक्त! 'झार्थस' १९७४चा, त्यात एका गाण्याचं नावच 'मेहेरा' आहे. मेहेरा म्हणजे बाबांच्या सगळ्यात जवळच्या शिष्या, नगरजवळ मेहेराझादला राहायच्या, समाधी बाबांच्या शेजारीच. म्हणजे हे गाणं ज्यांच्यावर आहे त्यांच्या गावापाशी ही कॅसेट चाळीस वर्षं ट्रंकेत पडून होती!

प्रश्न असा की ही डिजिटल करून सगळ्यांना ऐकता येईल अशी टाकावी असं फार वाटतंय. पण टाकायची का, आणि टाकायची तर कशी? मी अजून एकदाही लावलेली नाही, भीती वाटते.

तबकडी_सदाशिवपेठ

लावली नाहीस हे बेस्ट केलंस. बाकीचं तंत्र जाणकार सांगतील, मी बाशोबद्दल बोलतो कारण हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे.

तू अपलोडचं विचारतोयस म्हणून आधी हे ऐक. बाशो १९८६ला गेला, वय फक्त ४५, कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके बसवणाऱ्याकडे, मानेला झटका दिला आणि त्यातून स्ट्रोक. तेव्हा त्याला विचारणारं फारसं कोणी नव्हतं, शेवटचे अल्बम तर नुसत्या कॅसेटवर निघालेले. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस जिवंत राहिला तो तुझ्या मामासारख्यांच्या ट्रंकांमुळे आणि एकमेकांना कॉपी करून देणाऱ्यांमुळे, हे मी मनापासून मानतो. पण आता तशी परिस्थिती नाही. २०१३ला 'व्हिजन्स ऑफ द कंट्री' पुन्हा निघाला, त्याच्यावर डॉक्युमेंटरी झाली, आणि ती करताना त्याच्या मास्टर टेप्स, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच्या टेप्स, सापडल्या, त्यातून २०२०ला टॉम्पकिन्स स्क्वेअर या लेबलने पाच सीडींचा 'साँग ऑफ द अवतार्स' काढला. हे छोटे लेबलवाले लोक आहेत, दोन पैसे त्यांना मिळाले तरच पुढचं निघेल. म्हणून माझा नियम एकच, जे विकत मिळतं ते विकत घ्यायचं आणि त्याची फाइल कोणाला पाठवायची नाही, जे कुठेच मिळत नाही ते सांभाळायचं आणि मागेल त्याला ऐकवायचं. एकेक अल्बम वेगळा तपास, सगळ्यांना एकच हिशोब लावू नकोस.

आणि 'झार्थस'च्या मूळ तबकडीची दुसरी बाजू रात्री ऐक. एकच लांब रचना आहे, त्यात तो गिटार सोडून पियानोवर बसतो आणि वरून गातो. काहींना त्याचा तो थरथरता आवाज सहन होत नाही, मला मात्र त्याशिवाय बाशो अपुरा वाटतो.

फीत_आणि_स्क्रू

कॅसेट उघडून बघ दादा. खालच्या कडेला मध्यभागी तांब्याच्या पातळ पट्टीवर नमद्याचा छोटा तुकडा असतो, प्रेशर पॅड. इतक्या वर्षांत त्याचा डिंक वाळतो आणि तो गळून पडतो, मग ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक आवाज, जातो आणि लोकांना वाटतं टेपच खराब झाली. गळला असेल तर पाच स्क्रूवाली एखादी रिकामी कॅसेट घे आणि दोन्ही रिळं अलगद त्यात बसव, फितीला बोट लावू नको. मग एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरव म्हणजे गुंडाळी सारखी बसेल. डेकचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पूस. हेडच्या बाजूला छोटा स्क्रू असतो तो आवाज मोनो करून ऐकत ऐकत फिरव, बाशोच्या बारा तारांच्या गिटारचा झणझणाट जिथे सगळ्यात स्वच्छ येईल तिथे थांब. चोवीस बिटला वेव फाइल घे आणि ती मूळ फाइल तशीच ठेव, हिस, म्हणजे टेपची सूं सूं, काढायच्या नादाला लागू नको. मी एकदा वडिलांची टेप एका दुकानात दिली होती, त्यांनी 'क्लीन' करून दिली, हिस गेला पण त्याबरोबर तारेवरून बोट सरकल्याचा आवाजही गेला, आणि मूळ फाइल त्यांनी ठेवलीच नव्हती.

अजून एक. बाशोची ट्यूनिंग नेहमीची नसते, त्यामुळे स्पीड बरोबर आहे का ते सुरावरून कळणार नाही. पण कॉपी अमेरिकेत झालीय ना? तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. शांत जागी स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे तो आलेख, बघ, टेपवर तिकडच्या विजेची गुणगुण बहुतेक असेल. ती बरोबर ६०वर आली तर स्पीड बरोबर.

कट्ट्यावरची_वकीलताई

थोडक्यात कायद्याचं. आपल्याकडे रेकॉर्डिंगवर हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. 'फाल्कनर्स आर्म' १९६७चा, म्हणजे २०२७च्या शेवटपर्यंत, 'झार्थस' २०३४पर्यंत. पण रचनेचा हक्क वेगळा, तो संगीतकार गेल्यावर ६० वर्षं, म्हणजे २०४६. त्यामुळे रेकॉर्डिंग मोकळं झालं तरी गाणं मोकळं होत नाही, इथेच लोक फसतात. अमेरिकेत तर १९५७पासूनची आणि फेब्रुवारी १९७२च्या आधीची रेकॉर्डिंग्ज २०६७पर्यंत बांधलेली आहेत. 'मार्केटमध्ये मिळत नाही' म्हणून हक्क संपत नाही. स्वतःसाठी डिजिटल कॉपी करून ठेवायला हरकत नाही, घरी चार जणांना ऐकवायलाही नाही. पब्लिक लिंक नको. उलट एक ईमेल करा ना, बाशो ज्या सूफीझम रिओरिएंटेडचा सभासद होता ती बाबांच्या अनुयायांची संस्था कॅलिफोर्नियात आहे, खुद्द बाबांनी १९५२ला तिची सनद दिली होती. त्याच्या टेप्स त्यांच्याकडेच होत्या. कॅसेटची हकीकत लिहा, फोटो जोडा, त्यांना आवडेल ते.

नगरचा_गिटारवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. लिंक टाकत नाही, ठरलं. ईमेल काल रात्री पाठवला, मामाचा आणि कॅसेटचा फोटो जोडून.

पॅड गळलेलाच होता! उघडल्यावर कोपऱ्यात पडलेला मिळाला. रिळं दुसऱ्या कॅसेटमध्ये बसवली, हात थरथरत होते पण जमलं. गुणगुण ६१.२वर दिसली, म्हणजे टेप दोन टक्के जोरात पळत होती, सूर अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने चढलेला. ते कमी केल्यावर 'मेहेरा' लावलं आणि मामाला बोलावलं. तो आता ऐंशीचा आहे, कमी ऐकू येतं, स्पीकरला हात लावून बसला होता, मधेच म्हणाला हे माणूस आरतीला बसल्यासारखं गातोय.

आता अडचण कॅसेटच्या दुसऱ्या, 'फाल्कनर्स आर्म'च्या बाजूची. ती बाजू फार चरचरीत आणि टोकदार येतेय, बहुतेक डॉल्बी बी, म्हणजे हिस कमी करायची सोय, लावून कॉपी केलेली आहे आणि माझ्या डेकला ते बटणच नाही. पुणे, नगर किंवा नाशिकमध्ये कोणाकडे डॉल्बीवाला चालू डेक आहे का? कुरिअर करणार नाही, कॅसेट घेऊन मी स्वतः येतो.

फीत_आणि_स्क्रू

माझ्याकडे आहे, कोथरूडला. रविवारी सकाळी ये, हेड आदल्या दिवशी पुसून ठेवतो. मामांना प्रवास झेपणार असेल तर त्यांनाही आण.