आजीच्या हाली रुपयांना प्लास्टिकच्या पेटीची गरज आहे का?

लातूरची नवशिकी:
लक्ष्मीपूजनापुरती डब्यातून बाहेर निघणारी एकोणीस जुनी नाणी आजीने या वर्षी माझ्या स्वाधीन केली. त्यांत चारमिनारची छाप असलेले निजामाचे हाली रुपये आहेत आणि राणी व्हिक्टोरियाचे चार कलदार, म्हणजे इंग्रजी अमलातले चांदीचे रुपये, आहेत. गेल्या महिन्यात एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने तसाच हाली रुपया प्लास्टिकच्या बंद पेटीत दाखवला. आतल्या चिठ्ठीवर ‘एमएस ६५’ (एमएस म्हणजे ‘मिंट स्टेट’, न वापरलेले नाणे) असा दर्जा छापलेला होता आणि किंमत सुट्या नाण्याच्या सहापट होती. माझ्या नाण्यांचाही दर्जा ओळखीच्या संस्थेकडून ठरवून आणून देतो, असे तो म्हणाला. त्या संस्थेचे नाव मी त्याच दिवशी प्रथम ऐकले. माझे मत असे आहे की, ज्याला खरे-खोटे कळत नाही त्याने दर्जा ठरवलेलेच नाणे घ्यावे. प्रश्न एवढाच उरतो की संस्था भरवशाची आहे हे ओळखावे कसे.

नांदेडचे जुने संग्राहक:
ताई, प्रश्नाआधीचे आपले मतच मला मान्य नाही. पेटी विकत घेणारा नवशिका चिठ्ठी वाचायला शिकतो, नाणे वाचायला शिकत नाही. कलदाराचे मूळ वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात चांदी सुमारे ९२ टक्के. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि चांदी सुमारे ८२ टक्के. निजाम उस्मान अली खानांच्या रुपयावर चारमिनारच्या कमानीत ‘ऐन’ हे उर्दू अक्षर असते, त्यांचे वडील महबूब अली खानांच्या रुपयावर ‘मीम’. छोटा वजनकाटा, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि दोन हिवाळे एवढ्या भांडवलावर माणूस पुष्कळ शिकतो.

आणखी एक गोष्ट कटू वाटेल. लक्ष्मीपूजनाची नाणी आपल्याकडे चिंच किंवा राख लावून घासतात. परदेशी संस्था अशा नाण्याला आकड्यातला दर्जा सहसा देत नाहीत, चिठ्ठीवर ‘डिटेल्स’ लिहून पुढे ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात. आपल्या भागातल्या लमाणी बायकांच्या गळ्यातल्या रुपयांना कडी डाखलेली असते. ती काढली तरी डाखाची खूण राहते आणि शेरा तसाच येतो. तेव्हा शुल्क, टपाल आणि विमा यांवर पैसे घालवून आपल्याला कळणार काय, तर आजीने नाणी मनापासून घासली होती!

संभाजीनगरचा वाचक:
काकांविषयी आदर ठेवून सांगतो की वजनकाट्यावर त्यांनी फार भार टाकला आहे. १९४० पासून कलदारातली चांदी निम्म्यावर आली, पण वजन तेच राहिले. म्हणजे केवळ काटा धातूसुद्धा सांगू शकत नाही. १९३९ चा रुपया दुर्मीळ आहे, आणि साध्या रुपयाचा शेवटचा आकडा कोरून बदलला तर चांदी खरी, वजन खरे, फक्त साल खोटे. नवशिक्याचे भिंग तिथे काय करणार?

भरवशाच्या संस्थेची पहिली कसोटी अशी की दर्जा ठरवणारा आणि नाणे विकणारा हे दोघे वेगळे असावेत. ताईंना भेटलेला विक्रेता इथेच नापास होतो. अमेरिकेतल्या पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था अनुक्रमे १९८६ आणि १९८७ पासून नाण्यांचा दर्जा ठरवण्याचे काम करतात. दोघींची मोजपट्टी १ ते ७० ची असून, न वापरलेल्या नाण्यांसाठी त्यातले ६० ते ७० हे आकडे असतात. पेटीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि निर्णय चुकल्यास भरपाईची लेखी हमी, अटींसह का होईना, असते. ‘एमएस ६५’ ही अक्षरे कोणीही छापू शकतो. त्या अक्षरांमागे कोण उभे आहे, एवढेच पाहायचे.

नांदेडचे जुने संग्राहक:
पेट्याही बनावट निघतात, हे आपण सांगितले नाही. खऱ्या पेटीचा क्रमांक उचलून खोट्या पेटीवर छापला, तर संकेतस्थळ तो खराच म्हणणार. मुहंमद तुघलकाने चांदीच्या मोलाने चालवलेल्या तांब्या-पितळेच्या सांकेतिक नाण्यांची लोकांनी घरोघर नक्कल केली, तेच इथे होते. (ती दौलताबादेतही पाडली जात, म्हणजे हा धडा आपल्या घरचाच आहे.)

संभाजीनगरचा वाचक:
म्हणूनच क्रमांकाबरोबर तिथले छायाचित्रही पाहायचे, आणि हातातल्या नाण्यावरचा एखादा ओरखडा किंवा डाग त्याच्याशी जुळवायचा. छायाचित्र नसेल, तर ती पेटी नवशिक्याने सोडून द्यावी.

परभणीचा वकील:
दोघेही एक मोठी गोष्ट विसरत आहेत. पुरावस्तू आणि कलासंपदा अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते, आणि केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली यंत्रणा सोडून कोणालाही ती देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. व्हिक्टोरियाचा प्रत्येक रुपया या व्याख्येत बसतो, कारण राणी १९०१ मध्ये वारली. हाली रुपयावर हिजरी साल असते. १३३७ वाचले तर ते इ. स. १९१८-१९ होते, म्हणजे तोही बसला. दर्जा ठरवण्यासाठी असे पाकीट परदेशी टपालात टाकणे हा खर्चाचा नव्हे, गुन्ह्याचा विषय आहे. एखादा मध्यस्थ ‘मी पाठवतो’ म्हणाला, तर नाणे प्रत्यक्ष कुठे तपासले जाणार, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे.

संभाजीनगरचा वाचक:
हा मुद्दा मला मान्य करावा लागेल. ताईंनी घरची नाणी परदेशी पाठवू नयेत. मात्र उद्या महागडे नाणे विकत घ्यायचे असेल, तर ते तपासलेल्या पेटीतलेच घ्यावे, या मतावर मी ठाम आहे.

नांदेडचे जुने संग्राहक:
आणि मी म्हणतो की नवशिक्याने पहिली दोन वर्षे महागडे नाणे घेऊच नये. त्याऐवजी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या शासकीय संग्रहालयात एक दिवस घालवावा. सातवाहनांची नाणी तिथे पेटीच्या चिठ्ठीविना पाहता येतात.

लातूरची नवशिकी:
काल सराफाकडे एकोणीसही नाणी तोलून आणली. तीन कलदार ११.५ ग्रॅमच्या वर भरले, पण चौथा १०.३ भरला आणि त्याची कड एका जागी गुळगुळीत आहे. तिथे पूर्वी कडी असावी असे सराफ म्हणाले. उजाळा फुकट देतो, असेही ते म्हणाले, आणि मी घाईने नाणी उचलली. विक्रेत्याला नकार कळवला आहे. आजीला मात्र चिंचेवाचून पूजा पटत नाही, म्हणून तो हलका कलदार यापुढे पूजेचा ठरला आहे आणि उरलेली अठरा नाणी कागदी पाकिटांत गेली आहेत.