जिप्सी पेट्रोल पिऊन राहिली, नेमकं कुठं शोधावं? (नागपूर, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती जिप्सी किंग, २००६ची, एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटर नाही, इंजेक्टरवाली), १३०० सीसी. पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस करून, ग्रीन टॅक्स भरून आरसी पुढं वाढवून घेतली आहे. त्यामुळे 'विकून टाक भाऊ' हा एक सल्ला सोडून बाकी सगळं ऐकायची तयारी आहे.

जिप्सी कोणी ॲव्हरेजसाठी घेत नाही, हे मान्य. पण शहरात नऊ आणि उमरेड किंवा देवलापारच्या बाजूला निघालो की दहा-अकरा द्यायची. दिवाळीनंतर शहरात साडेसहावर आली, हायवेला आठ काढताना नाकी नऊ येतात. आकडे टाकी फुल ते टाकी फुल असे मोजलेले आहेत, काट्यावरून लावलेला अंदाज नाही. खाली कुठं पेट्रोल गळत नाही, वास नाही. पिकअप थोडा सुस्त वाटतो, सकाळी सायलेन्सरमधून उग्र वास येतो. चेक इंजिनचा दिवा चावी फिरवली की लागतो आणि गाडी सुरू झाली की विझतो, म्हणजे दिवा शाबूत आहे.

एअर फिल्टर आणि ऑइल बदललं. प्लग काढले तेव्हा चारही काळे, कोरडी काजळी, बोट लावलं की बोट काळं. नवे टाकले, थोड्याच दिवसांत त्यांचीही तीच गत. एक मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर क्लीन करा, दुसरा म्हणतो ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला, तिसरा सगळं खापर ई-२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलवर फोडतो. ईसीएमचा खर्च ऐकून मी गाडीत परत येऊन बसलो.

उन्हाळ्यात दोन कामं झाली होती, तीही सांगून ठेवतो. टायर २०५/७० आर १५चे काढून २३५/७५ आर १५चे मड टेरेन टाकले. आणि मे महिन्यात सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी गरम व्हायची, ती एका गॅरेजात दाखवली. ते काम मात्र झकास झालं. तेव्हापासून टेम्परेचरचा काटा वर जायचं नावच घेत नाही, हायवेवर तर खालच्या रेघेला टेकून असतो.

सुरुवात कुठून करू? आधी इंजेक्टर की सेन्सर?

बैलबंडी:
बाप्पा, जिप्सीले ॲव्हरेज पुसून राहिला का भाऊ? हत्ती पाळला अन् ऊस मोजून राहिला! असो. ई-२०चं म्हणाल तर त्याचा वाटा आहे, पण इतका नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागं साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलं आहे की ई-०साठी बनवलेल्या आणि ई-१०वर जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२०वर ६ ते ७ टक्के घटू शकतं. नवाचे साडेआठ झाले असते तर पंपाले शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. साडेसहा म्हणजे दुसरंच काही आहे. बाकी एवढ्या जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप एकदा पाहून घ्याच, इथेनॉलनं ते कडक होऊन तडकतात.

चौथा गिअर:
इंजिन उघडायच्या आधी मोजमाप सरळ करून घ्या. २०५/७० आर १५चा व्यास ६६८ मिमी, २३५/७५ आर १५चा साधारण ७३४. जवळपास दहा टक्के मोठा. म्हणजे गाडी खरे १० किमी जाते तेव्हा तुमचा मीटर ९.१ दाखवतो. जबलपूर हायवेला मैलाच्या दगडांवर किंवा मोबाइलच्या जीपीएसवर पडताळून पाहा. तुमचे साडेसहा म्हणजे प्रत्यक्षात ७.१ आणि हायवेचे आठ म्हणजे पावणेनऊ. घट निम्मी नाही, पण बरीच कागदावरची आहे.

बाकीची खरी आहे. मड टेरेन जड असतात आणि रस्त्यावर ओढ धरतात. मीटर ७० दाखवतो तेव्हा तुम्ही ७७ने चाललेले असता आणि जिप्सीचं नाक भिंतीसारखं सरळ, वारा कापायला तिला जास्तच पेट्रोल लागतं. त्यात टायर मोठे झाल्याने गिअर लांब पडतात, म्हणून पिकअप सुस्त. शहरात चौथा टाकायची घाई करू नका.

रानवाटा:
मला आधी ओढ तपासावीशी वाटते. सपाट, रिकाम्या रस्त्यावर ४०ला न्यूट्रल करा आणि गाडी किती लांब जाते ते पाहा. लवकर थांबली तर कुठंतरी ब्रेक धरतोय. पाच-सात किलोमीटर ब्रेक कमी मारत चालवा, उतरून चारही चाकांच्या मधोमध हात जवळ न्या (टेकवू नका, भाजेल). एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथं काम आहे. पुढच्या कॅलिपरच्या पिना सुकतात, मागच्या ड्रममध्ये हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेली राहते. गाडी चिखलात जाते, तेव्हा हे व्हायचंच.

आणि पुढचे हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे-सोडवणारे) 'फ्री'वर आहेत ना? पावसाळ्यात 'लॉक'ला फिरवलेले हब दिवाळीपर्यंत तसेच राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. टू व्हीलवर असूनही पुढचे ॲक्सल आणि प्रोपेलर शाफ्ट फुकट फिरत राहतात.

काळी माती:
वरचं सगळं बरोबर, पण ब्रेक धरल्याने प्लग काळे होत नाहीत. प्लग काळे म्हणजे इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल घेतंय. आणि त्याचं उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय, फक्त कौतुक म्हणून लिहिलंय. काटा खालच्या रेघेला टेकतो ही चांगली बातमी नाही.

माझा अंदाज: मे महिन्यात थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाकलेला आहे. आपल्याकडे पारा ४५च्या वर गेला की हा इलाज सर्रास होतो. गाडी गरम व्हायची थांबते, गिऱ्हाईक खूश. उन्हाळ्यात बाहेरची हवाच इतकी तापलेली असते की इंजिन तरीही बऱ्यापैकी गरम होतं आणि ॲव्हरेजला कळत नाही. डिसेंबरात सकाळी १०-१२ अंश असतात, तेव्हा बिंग फुटतं. पाणी पूर्ण वेळ रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन तापतच नाही. ईसीएमला वाटतं गाडी आत्ताच सुरू झाली आहे, म्हणून तो वॉर्मअपचं जादा पेट्रोल देत राहतो. पूर्वी चोक ओढून ठेवल्यावर व्हायचं तेच हे. ईसीएमचा यात काही दोष नाही, त्याला जे तापमान दिसतं त्याप्रमाणे तो वागतोय. म्हणूनच दिवाही लागत नाही.

ट्रॅफिकमध्ये काटा थोडा वर आणि हायवेला खाली, हे त्याचं ठळक लक्षण. खात्री करायला खर्च नाही. सकाळी थंड गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होजवर हात ठेवा. वॉल असेल तर होज काही मिनिटं थंडच राहतो, मग एकदम गरम होतो. वॉल नसेल तर इंजिनासोबतच हळूहळू कोमट होत जातो.

दुसरं, पीयूसीच्या दोन्ही पावत्या काढा, मागच्या वर्षीची आणि यंदाची. तुमच्यासारख्या बीएस-२ पेट्रोल गाडीला धुरातल्या सी.ओ.ची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ०.५ टक्के आहे. पास-नापास पाहू नका, आकडा पाहा. तो चढला असेल तर रोग मिश्रणात, तेवढाच असेल तर रानवाटा म्हणतात तसा चाकांत.

वॉल जागेवर सापडला तर मग टेम्परेचर सेन्सर. दोन वायरवाला ईसीएमचा, एक वायरवाला काट्याचा, गल्लत करू नका. मल्टिमीटरवर थंड इंजिनाला दोन-अडीच किलोओहम आणि पूर्ण गरम झाल्यावर तीनशेच्या आसपास ओहम यायला हवेत. गरम इंजिनालाही हजाराच्या वर दाखवला तर सेन्सर बाद. त्यानंतर मॅप सेन्सरची (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) व्हॅक्यूम नळी आणि ऑक्सिजन सेन्सर. इंजेक्टर सगळ्यात शेवटी.

आणि डिपस्टिक हुंगून पाहा. थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. वास आला तर ऑइल नवं असलं तरी बदला.

जिप्सीवाला (धागाकर्ता):
काळी माती, साष्टांग दंडवत! होज पहिल्या मिनिटापासून कोमट. पीयूसीवर सी.ओ. मागच्या वर्षी ०.१८, यंदा ०.४६. मी दोन्ही वेळा 'पास' वाचून पावती डिकीत टाकली होती. दोन बोल्ट काढून हाऊसिंग उघडलं तर आत नुसती पोकळी, कडेला सीलंटचा जाड थर.

नवा वॉल आणला, त्यावर ८२ कोरलेलं आहे. बसवण्याआधी चहाच्या जुन्या पातेल्यात दोऱ्यानं टांगून पाण्यात गरम केला. बराच वेळ काही नाही. पातेल्याच्या तळाला बुडबुडे धरू लागले तशी मधली चकती केसभर उचलली आणि पाणी उकळेपर्यंत चांगली बोटभर फट पडली. आईनं ते पातेलं आता गॅरेजातच ठेवायला सांगितलंय. वॉलची छोटी पिन वरच्या बाजूला ठेवून बसवला, प्लग साफ केले, ऑइलला वास होता म्हणून तेही बदललं.

काटा आता मध्याच्या जरा खाली येऊन थांबतो आणि उमरेड रोडला ८०नेही तिथंच राहतो. शहरात मीटरप्रमाणे आठ, चौथा गिअर यांच्या हिशोबानं पावणेनऊच्या वर. प्लग तपकिरी आहेत. हब फ्रीच होते. मागचं डावं चाक मात्र खरंच जास्त तापतं, हँडब्रेकची केबल मागवली आहे.

आता धास्ती मे महिन्याची. वॉल घातला म्हणजे गाडी पुन्हा गरम होणार का?

काळी माती:
गरम होण्याचं मूळ कारण तेव्हा कोणी शोधलंच नाही, म्हणून होणारच. रेडिएटर बाहेरून पाहा, जाळीत माती आणि कचरा बसलेला असतो. आतल्या बाजूनं मागून पुढं पाण्याचा हलका फवारा मारा, प्रेशर वॉशरनं पत्रे वाकतात. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर तो उघडून रॉडिंग (आतल्या नळ्या सळईनं साफ करणं) होतं. ॲल्युमिनियमचा आणि प्लास्टिक टाकीचा असेल तर बदलणंच बरं. साधं पाणी भरू नका, कूलंट भरा आणि रेडिएटर कॅपचं रबर चिरलेलं असेल तर कॅप नवं घ्या.

ट्रॅफिकमध्ये गरम आणि हायवेला ठीक, असं होतं ना मेमध्ये? मग माझा पहिला संशय फॅन क्लचवर (इंजिन तापलं की रेडिएटरचा पंखा जोरात फिरवणारा भाग). गाडी चांगली तापवा, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात टाका आणि पंखा हातानं फिरवा. जड लागला तर ठीक. गरगर मोकळा फिरला तर त्यातलं तेल गेलंय.

जिप्सीवाला (धागाकर्ता):
आत्ताच करून आलो. पंखा गरगर फिरतो. फॅन क्लच नवा कुठं मिळेल आणि रॉडिंग करणारा भरवशाचा कारागीर कोणाला ठाऊक आहे का? कामठी रोड ते वाडी, कुठंही चालेल.