६० किमीच्या आसपास पोट संप करतं. कॉम्रेड्ससाठी खाणं कसं बसवू?

यवतेश्वर_घाट

मी साताऱ्याची. वय ३४, वजन ५१ किलो, मॅरेथॉन ३ तास १४ मिनिटं. येत्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या लांब शर्यतीची अप रन (चढाची दिशा) पळणार आहे, डर्बनहून पीटरमॅरिट्झबर्गला, सुमारे ८६ किमी. साडेसात तासांच्या आत पोचायचं आहे. पहिल्या दहा जणींनंतर साडेसातच्या आत येणाऱ्या बायकांना तिथे इसाव्हेल रोश-केली या जुन्या विजेतीच्या नावाचं पदक देतात. ते मला हवं आहे. दोन वर्षं त्याच्यासाठीच पहाटे साडेतीनला उठते आहे.

पायांची तक्रार नाही, सगळं अडतंय ते पोटापाशी. गेल्या महिन्यात बारा तासांच्या शर्यतीत ५८ व्या किलोमीटरला जेल (पळताना घ्यायचा गोड घट्ट पाक) तोंडात घेतलं आणि गिळवेचना. गालात धरून तशीच अर्धा किलोमीटर चालले, मग रस्त्याकडेच्या कठड्याला धरून ओकले. त्यानंतर पाणीसुद्धा नको झालं. तोवर दर पाऊण तासाला एक जेल (२२ ग्रॅम कार्ब, म्हणजे कर्बोदकं) आणि वर पाणी, एवढंच घेत होते. कुठलं जेल पोटाला सोसतं? की सरळ घरचं खाणं न्यावं?

रोजचं सांगते. पहाटे काळी कॉफी, रिकाम्या पोटी १६-१८ किमी, साडेनऊला पोहे, दुपारी दोन भाकऱ्या, भाजी, ताक, संध्याकाळी चहा, रात्री मुगाची खिचडी. ॲपमध्ये १९०० कॅलरी दिसतात. आठवड्याला ११५ किमी. घाट सोपा जावा म्हणून वजन दोन किलो उतरवलं आहे. पाळी चार महिने आलेली नाही, तेवढी एक कटकट कमी झाली.

पळता_भुई

ताई, जेल सोडून द्या. मी दोन वर्षं तूप, खोबरं, शेंगदाणे यांवर पळतोय. शरीराला एकदा चरबी जाळायची सवय लागली की साखर लागत नाही. रिकाम्या पोटी पळताय ते उत्तमच, चालू ठेवा.

गोदाकाठची

वयाने मोठी आहे म्हणून तू म्हणते. नाशिकला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, कॉम्रेड्स दोनदा पळले आहे, एकदा वर आणि एकदा खाली. जेलकडे येतेच, पण आधी तुझं शेवटचं वाक्य, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं आहे.

हिशोब मांडू. आठवड्याला ११५ म्हणजे रोजचे सरासरी साडेसोळा किमी. किलोमागे किलोमीटरला साधारण एक कॅलरी धरली तर नुसत्या पळण्यात ८४० जातात. खातेस १९००, उरल्या १०६०. तुझ्या शरीरातली चरबी वगळून वजन ४३ किलोच्या आसपास असेल. १०६० भागिले ४३, म्हणजे किलोमागे जेमतेम २५. एवढ्यात तुझं हृदय, हाडं, हार्मोन, रक्त, झोप, सगळं चालायचं आहे. हा आकडा ४५ च्या जवळ हवा, ३० च्या खाली बराच काळ राहिला की शरीर एकेक खातं बंद करायला लागतं. पाळीचं खातं लवकर बंद होतं, कारण त्याच्याशिवाय जीव जगतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला, म्हणजे खेळाडूच्या शरीराला खर्चाच्या मानाने ऊर्जा कमी पडण्याला, रेड्स असं नाव दिलं. पुढे हाडांना बारीक तडे जातात, लोह घटतं, आणि आतड्याची हालचालही मंदावते. ५८ व्या किलोमीटरला जे पोट बंद पडलं, ते मला वाटतं त्या शर्यतीच्या कितीतरी आधीपासून थकलेलं होतं.

म्हणून या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. गर्भधारणेची चाचणी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्रोजेन, शिवाय हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लागेल का, तेही विचार. कोणी नुसत्या गोळ्या देऊन पाळी आणून दिली तर हुरळून जाऊ नकोस. गोळ्यांवर येणारा रक्तस्राव म्हणजे अंडाशय पुन्हा कामाला लागलं असं नव्हे. उपाय ताटात आहे, रोज निदान ४०० ते ५०० कॅलरी जास्त. पहाटे पळण्याआधी एक केळं किंवा दोन राजगिऱ्याचे लाडू. पळून आल्यावर अर्ध्या तासात दूध-केळं, उकडलेली अंडी, काहीही, पण साडेनऊच्या पोह्यांची वाट बघायची नाही. रात्री खिचडीवर तूप आणि बाजूला दही.

पळता_भुई, तुम्हाला सोसत असेल, पण चार महिने पाळी नसलेल्या बाईला रिकाम्या पोटी पळत राहा हा सल्ला कृपया देऊ नका. शिवाय चरबीतून तेवढीच ऊर्जा काढायला प्राणवायू जास्त लागतो. किलोमीटरला सव्वापाच मिनिटांच्या वेगाने घाट चढताना ती चैन परवडत नाही.

आता शर्यत. ८६ किमीला तुझा खर्च ४४०० कॅलरींच्या घरात. स्नायूंत आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, १६०० ते २०००. तू घेत होतीस ताशी ३० ग्रॅम कार्ब, म्हणजे १२० कॅलरी. तुला ६० ते ७५ ग्रॅमपर्यंत जायचं आहे. एकदम चढवलंस तर पुन्हा ओकशील, कारण पळताना आतड्याचा रक्तपुरवठा पायांकडे आणि कातडीकडे वळतो. आतड्यालाही सराव द्यावा लागतो. लाँग रनला ताशी ४० पासून सुरू कर, दर आठवड्या-दोन आठवड्यांनी दहा ग्रॅम वाढव.

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यात वेगवेगळ्या दारांनी आत जातात. नुसतं ग्लुकोज घेतलं तर ताशी ६० ग्रॅमच्या आसपास ते दार तुंबतं आणि उरलेलं पोटात ढवळत बसतं. दोन्ही असली तर जास्त मावतं. आपली घरातली साखर अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोजच आहे. अर्धा लिटर पाणी, ४० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ, अर्धं लिंबू. मीठ चिमटीने टाकू नकोस, सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घे. एक ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. ही बाटली तासभर, सोबत एक जेल, झाले साठ ग्रॅम. चार तासांनंतर गोड नकोसं होतं, तेव्हा मीठ लावलेला उकडलेला बटाटा, नाहीतर पातळ तांदळाची पेज. बटाटा शंभर ग्रॅमचा असेल तर त्यात १७-१८ ग्रॅम कार्ब.

पोटाने अडवलं म्हणजे आपण कमी पडलो असं मनात आणू नकोस. कोर्टनी डॉवॉल्टर या अमेरिकन अल्ट्रा धावपटूला २०२१ मध्ये हार्डरॉक १०० ही शंभर मैलांची डोंगरी शर्यत पोटामुळेच सोडावी लागली होती. पुढच्या वर्षी तिने ती जिंकली, आणि २०२३ मध्ये वेस्टर्न स्टेट्स, हार्डरॉक आणि यूटीएमबी या तिन्ही मोठ्या शर्यती एकाच उन्हाळ्यात.

डर्बनवाला_काका

नोकरीनिमित्त इथे अकरा वर्षं आहे, कॉम्रेड्स सहा वेळा पूर्ण केली. गोदाकाठच्या ताई सगळं नेमकं बोलल्या, मी फक्त रस्त्यावरचं सांगतो. पाणी प्लास्टिकच्या छोट्या पिशव्यांतून मिळतं. कोपरा दाताने फाडायचा आणि पिळायची. आत्ताच सराव कर, नाहीतर अर्धं पाणी छातीवर जातं. टेबलांवर मीठ लावलेले बटाटे, केळी, संत्री, कोला असतं. जेल मात्र स्वतःचं आण. पॉली शॉर्ट्सचा चढ शेवटच्या दहा किलोमीटरच्या तोंडाशी येतो, तिथे गिळायला काही जमत नाही. चढ लागण्याच्या वीस मिनिटं आधीच खाऊन घे. दक्षिण आफ्रिकेच्या गेर्डा स्टेनने २०२४ मध्ये हीच अप रन ५:४९:४६ मध्ये मारली, तेव्हा मी घामाघूम होऊन अजून इंचांगाच्या चढावर होतो.

यवतेश्वर_घाट

गोदाकाठच्या ताई, वाचून रात्री झोप लागली नाही. आईला सांगितलं, ती म्हणाली, मी तीन महिने हेच बडबडते आहे. डॉक्टरांकडे जाऊन आले. फेरिटिन ९ आलं, लोहाची गोळी सुरू केली आहे. पहाटे लाडू खायला लागले आहे, पहिले चार दिवस जड वाटलं, आता नाही. दोन प्रश्न. लोह कधी घेऊ? आणि पाणी किती प्यायचं? मी भीतीपोटी प्रत्येक टेबलवर पिते.

गोदाकाठची

आईला माझा नमस्कार सांग.

लोहाची गोळी चहा-कॉफीपासून निदान तासभर लांब, लिंबू किंवा आवळ्यासोबत. पळून झाल्यावर तीन ते सहा तासांनी हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढलेलं असतं आणि ते लोह आत येऊ देत नाही. तेव्हा सकाळीच, पळण्याआधी किंवा आल्याबरोबर लगेच. किती आणि किती दिवस, ते डॉक्टर ठरवतील.

पाण्याचं मात्र काळजीपूर्वक वाच. माझ्या पहिल्या मोठ्या शर्यतीत मीही प्रत्येक टेबलवर प्यायले. पन्नासाव्या किलोमीटरला बोटातली अंगठी रुतायला लागली, घड्याळाच्या पट्ट्याचा वळ मनगटावर खोल उमटला, डोकं ठणकत होतं. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी प्यायले. शेवटी वैद्यकीय तंबूत वजन केलं तर सुरुवातीपेक्षा १ किलो २०० ग्रॅम जास्त. रक्तातलं सोडियम घसरून १२८. मदतीला आलेल्या मुलाने तरीही पाण्याची बाटली पुढे केली होती. तिथल्या बाईंनी ती बाजूला ठेवली म्हणून मी वाचले. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम घसरलेलं निघालं. बायकांमध्ये हे प्रमाण जास्त होतं, मुख्यतः देह लहान आणि रस्त्यावर वेळ जास्त म्हणून. मीठ घेतलं तरी जास्तीचं पाणी माफ होत नाही. तहान लागली की पी.

तुझा आकडा काढ. तासभर पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन कर, दोन वजनांतल्या फरकात मध्ये प्यालेलं पाणी मिळव. तेवढा तुझा तासाचा घाम. पिणं त्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. आणि शर्यतीत ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम अजिबात नाही. मूत्रपिंडावर ताण येतो आणि सोडियमही आणखी घसरू शकतं.

पाळीच्या दिवसांनुसार काय खायचं याचे तक्ते फिरतात, त्यांना भक्कम आधार नाही. पाळी परत आली की स्वतःची वही ठेव, कुठल्या दिवसांत उकडतं, कधी पोट फुगतं. तुझ्यासाठी तीच खरी.

जूनपर्यंत पाळी परत आली नाही तर यंदा पळू नकोस, असं मी सांगेन. तेव्हा माझ्यावर रागाव, चालेल.

यवतेश्वर_घाट

रागावणार नाही. आज घाटात चौथ्या फेरीला ५० ग्रॅमवर होते, पोट शांत. काटा मागवला आहे. रविवारी घामाचा आकडा टाकते.