प्रति: फोनमधला व्हीपीएन पुरेसा आहे का?

फोनच्या सेटिंगमध्येच व्हीपीएन (आपली इंटरनेटवरची ये-जा सांकेतिक रूपात झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय) असल्याने वेगळी सेवा घ्यायची गरज नाही, हे मत मला अपुरे वाटते. गूगलच्या पिक्सेल फोनसारखे अपवाद सोडले, तर फोनमध्ये मिळतो तो केवळ जोडणी करणारा भाग. सर्व्हरचा पत्ता आणि लॉगिनचा तपशील आपल्यालाच मिळवावा लागतो. तो सर्व्हर हिंजवडीतल्या आपल्या कंपनीचा असेल, तर पुणे स्टेशनच्या वायफायपासून झाकलेली आपली इंटरनेटवरची वर्दळ कंपनीच्या यंत्रणेतून जाते, आणि याला मी खासगीपणा म्हणणार नाही.

सर्व्हर कोणाचा, हा प्रश्न आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवादात्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते (इंटरनेटवरचे ओळख क्रमांक) किमान ५ वर्षे जपून ठेवायचे आहेत. त्यामुळेच एक्सप्रेसव्हीपीएन या सेवेने त्याच वर्षी जूनमध्ये भारतातले आपले सर्व्हर हटवले. शिवाय अँड्रॉइडवर व्हीपीएनच्या नावाशेजारचे दातेरी चक्र दाबून ‘ऑलवेज-ऑन’ (व्हीपीएन कायम जोडलेला ठेवणारा पर्याय) चालू करावे, अन्यथा जोडणी तुटताच वरच्या पट्टीतले किल्लीचे चिन्ह निघून जाते आणि फोन मुकाट्याने उघड्या वायफायवरून चालू राहतो.